कोळंबी ३८ युआन: ताटाची की एका नगाची?

ऑक्टोबर २०१५. चीनच्या राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, छिंगदाओ शहर, रस्त्यावरचं साधं सीफूडचं दुकान. मेन्यूवर कोळंबीपुढे ३८ युआन लिहिलेलं. गिऱ्हाइकाने एक ताट कोळंबी मागवली, खाल्ली, आणि बिल आलं दीड हजार युआनच्या वर. ३८ हा आकडा खोटा नव्हता. तो ताटाचा नसून एका कोळंबीचा आहे, असं मालकाने बिलाच्या वेळी सांगितलं. प्रकरण देशभर गाजलं आणि दुकानाला ९०,००० युआनचा दंड झाला. फसलेला माणूस परदेशी नव्हता, नानजिंगहून आलेला चिनी पर्यटक होता. म्हणजे भाषा येत असली तरी गळा कापला जातोच.

खेळ सगळा आकड्याशेजारच्या शब्दात असतो. दर कशाचा, हे तिथे लिहिलेलं असतं किंवा मुद्दाम लिहिलेलं नसतं. 'फन' म्हणजे एक ताट, 'झ' म्हणजे एक नग, 'वेइ' म्हणजे माणशी. आणि 'जिन' म्हणजे अर्धा किलो, नेमके ५०० ग्रॅम. आपल्या डोक्यात किलो पक्का बसलेला, त्यामुळे '६८' वाचून आपण किलोचा भाव धरतो आणि बिल दुप्पट येतं. 'शज्या' हा शब्द दिसला तर आणखी सावध व्हा. मालवण-गोव्याच्या मेन्यूवर 'अ‍ॅज पर साइज' असतं ना, त्याचाच हा भाऊ: आजचा भाव. असा भाव लावण्यात गैर काही नाही, पण तो मासा मारायच्या आधी विचारायचा असतो.

चिनी घरगुती जेवणाला 'ज्याछांग-छाय' म्हणतात, म्हणजे रोजचे घरचे पदार्थ. टोमॅटो-अंडं, बटाट्याचा कीस, वांगं, शेंगदाणे घातलेलं गोंगबाओ चिकन. या पदार्थांत फसवणूक जवळजवळ नसते. त्यांचा भाव गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. टोमॅटो-अंड्याचे शंभर युआन लावणारं दुकान आठवडाभर टिकणार नाही. गंडवतात ते घरगुती मेन्यूच्या शेवटच्या पानावर. काचेच्या टाकीतला मासा, गावठी कोंबडी, रानातली अळिंबी, 'आमच्याकडची खास' अशी वस्तू. जिथे वजन आलं, तिथे हातचलाखी आली.

काटा कसा मारतात ते बघा. मासा जाड पिशवीत पाण्यासकट काट्यावर येतो, म्हणजे पाणीही माशाच्या भावाने विकलं जातं. पिशवीला भोक पाडून पाणी काढायला सांगा, त्यात लाज कसली? काट्यावरच संशय असेल तर दुकानातली ५५० मिलीची न उघडलेली पाण्याची बाटली त्यावर ठेवा. बाटलीच्या प्लास्टिकसकट ५७० ग्रॅमच्या आसपास यायला हवं: किलोच्या काट्यावर ०.५७, जिनच्या काट्यावर १.१४. आकडा यापेक्षा बराच वर गेला तर उठा.

त्यानंतरची चाल अदलाबदलीची. टाकीतला जिवंत मासा दाखवायचा आणि शिजवायचा बर्फातला. म्हणून मासा टेबलावर जिवंत आणून दाखवू द्या, मोबाइलवर फोटो काढा आणि शेपटीच्या पराला कात्रीने खाच पाडायला सांगा. तीच खाच ताटात दिसली पाहिजे. वाफवलेल्या ताज्या माशाचे डोळे बाहेर आलेले असतात आणि अंग घट्ट असतं.

गावाबाहेरच्या 'नोंगज्याल' म्हणजे शेतघरातल्या जेवणात कोंबडीचा भाव जिवंत वजनावर लागतो. समजा ६८ युआन जिन सांगितला आणि कोंबडी दोन किलोची, तर झाले चार जिन, २७२ युआन. पिसं, आतडी वजा झाल्यावर ताटात येते ती बरीच कमी. दोघांनी पूर्ण कोंबडी मागवूच नये. विचारायचं ते एवढंच: 'यी जिन दोशाओ छ्यान', एका जिनला किती? आणि लगेच 'यीगोंग दोशाओ छ्यान', एकूण किती? उत्तर तोंडी घेऊ नका, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाकून दाखवायला सांगा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

टेबलावर न मागता आलेली शेंगदाण्याची वाटी, ओला रुमाल, प्लास्टिकमध्ये बांधलेली वाटी-चमचा यांचे पैसे लागू शकतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. दक्षिण चीनमधल्या ग्वांगजौकडे चहाचे माणशी पैसे घेतात. तो तिकडचा रिवाज आहे, त्यावरून भांडू नका (मालाच्या खरेदीला जाणाऱ्या आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना हे ठाऊक असतं). पण 'किमान इतक्याचं खावंच लागेल' अशी सक्ती कायद्यात बसत नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्यावर बंदी आहे.

टॅक्सीवाला 'चांगलं घरगुती दुकान' म्हणून स्वतःहून नेतो तिथे त्याचं कमिशन तुमच्या माशात मिसळलेलं असतं. त्यापेक्षा टेबलावरचा कोड स्कॅन करून ऑर्डर घेणारं दुकान बरं. तिथे नग, दर आणि बेरीज आधीच पडद्यावर दिसते. मेन्यू वाचायला वीचॅटमधली (निरोप पाठवायचं आणि पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप) भाषांतराची सोय पुरते. तिकडच्या इंटरनेटवर गूगल चालत नाही.

मोबाइलवरून पैसे देताना दुकानदाराला तुमचा कोड स्कॅन करू देऊ नका. त्याचा कोड तुम्ही स्कॅन करा आणि रक्कम स्वतः टाका. अ‍ॅपला परदेशी कार्ड जोडलेलं असेल तर २०० युआनवरच्या व्यवहारावर तीन टक्के शुल्क लागतं, ती दुकानदाराची लबाडी नव्हे.

बिल फुगलंच तर मेन्यूच्या पानाचा फोटो दाखवून ओळीओळीने विचारा आणि 'फाप्याओ', म्हणजे अधिकृत पावती, मागा. पावतीचं नाव काढताच काही मालक आकडा खाली आणतात. नाही आणला तर ग्राहक तक्रारीचा नंबर १२३१५. तिथे बोलणं चिनीत होतं, म्हणून हॉटेलच्या स्वागतकक्षातून फोन लावून घ्या. दार अडवलं किंवा दमदाटी झाली तर पोलिसांचा नंबर ११०.