गिल्ड वॉर्स २ : वर्गणी नाही, पण दुकान आहे

२८ ऑगस्ट २०१२ रोजी बाजारात आलेला ‘गिल्ड वॉर्स २’ हा ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ नव्या खेळाडूने आजही निर्धास्तपणे सुरू करावा असा आहे. फक्त त्याच्या दुकानात शिरताना खिशावर हात ठेवावा. तो अमेरिकेतील अरीनानेट या स्टुडिओने बनवला असून स्टुडिओची मालकी २००२ पासून एनसीसॉफ्ट या कोरियन प्रकाशक कंपनीकडे आहे. खेळातले चांगले निर्णय स्टुडिओचे आणि खटकणारे सगळे प्रकाशकाच्या हिशेबातून आलेले, अशी वाटणी खेळाडूच्या मनात आपोआप होते. ती थोडी भाबडी आहे, हे मान्य.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ किंवा ‘फायनल फँटसी १४’ पूर्ण स्वरूपात खेळायचे, तर दरमहा १३ ते १५ डॉलर मोजावे लागतात, आणि परीक्षा किंवा घरातले लग्नकार्य यांपायी महिनाभर संगणक उघडला नाही, तरी वर्गणी चालूच राहते. इथे वर्गणीच नाही. मूळ खेळ २०१५ पासून काही मर्यादांसह फुकट आहे आणि पुढचे भाग एकदाच विकत घ्यावे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कमाल लेव्हल २०१२ मध्ये ८० होती, ती आजही ८०च आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘असेंडेड’ या वरच्या दर्जाची शस्त्रे-चिलखते आणली गेली, तेव्हा सामग्री सतत बदलावी लागणार नाही हा शब्द मोडला म्हणून खेळाडूंनी बरीच ओरड केली होती. पण त्यानंतर आकड्यांनी तिच्याहून वरचढ असा दर्जा आलेला नाही, अगदी ‘लेजेंडरी’ या सर्वांत दुर्मीळ दर्जाचे आकडेही तितकेच असतात आणि फरक केवळ सोयीचा असतो. त्यामुळे दोन वर्षांनी परतलेल्या माणसाचे जुने चिलखत कामाचे राहते. नवा भाग आला की आधीची सगळी कमाई भंगारात निघावी, हा इतरत्र सर्रास दिसणारा प्रकार इथे नाही.

खेळाचा स्वभाव पाहायचा असेल, तर स्पार्कफ्लाय फेन या दलदलीत टेक्वाटल नावाच्या, मरूनही हिंडणाऱ्या ड्रॅगनशी होणारी लढाई पाहावी. तिच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेवर ठरलेल्या असल्याने आपल्याकडे रात्री ९.३० वाजता, म्हणजे जेवणे आटोपल्यावर, ती गाठता येते. १५ मिनिटांत ड्रॅगन पाडावा लागतो. काही जण तोफांवर बसून त्याच्या अंगावर कडक होत जाणारे खवले उडवतात, काही जण त्या तोफांवर चालून येणाऱ्या प्रेतसैनिकांना अडवतात आणि बाकीचे त्याच्या पायाशी घोळका करून उभे राहतात; मध्येच तो लाट सोडतो, तेव्हा नेमक्या क्षणी उडी मारली नाही, तर अर्धा घोळका आडवा होतो. मग शेजारी उभे असलेले अनोळखी लोक वाकून आपल्याला उठवतात. उठवणाऱ्याला त्याचे अनुभवगुण मिळतात, बक्षिसाची पेटी प्रत्येकाची वेगळी असते आणि एकाने काढलेले खनिज दुसऱ्यासाठीही शिल्लक राहते, त्यामुळे गर्दी वाढली की कपाळाला आठ्या पडत नाहीत. या सभ्यतेचे श्रेय मी खेळाडूंच्या संस्कारांपेक्षा खेळाच्या नियमांना देईन.

भारतात सर्व्हर नाही. युरोप निवडल्यास पिंग, म्हणजे सर्व्हरशी संदेशांच्या ये-जा करण्याला लागणारा वेळ, चालवून घेण्याजोगे असते, मात्र निसटण्याचे बटण किंचित आधी दाबण्याची सवय लावून घ्यावी लागते.

२०१७ च्या ‘पाथ ऑफ फायर’ या भागात माउंट आले, आणि स्वारीच्या प्राण्यांवर एवढी मेहनत मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिलेली नाही. रॅप्टर लांब झेप घेतो, पण वेगात असताना चटकन वळत नाही. सशासारखा स्प्रिंगर बटण धरून ठेवले की दबत जातो आणि सोडताच कड्यावर उसळतो. ग्रिफन उंचावरून सूर मारून मिळवलेल्या वेगावर पुन्हा वर चढतो. नेमक्या याच प्राण्यांवर दुकानाची नजर गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘माउंट अडॉप्शन लायसन्स’ विकायला आले : ४०० जेम (दुकानात चालणारे खेळातले चलन), म्हणजे ५ डॉलर मोजायचे आणि प्राण्यांच्या ३० सजावटी रूपांपैकी कोणते मिळेल ते नशिबावर सोडायचे. संताप उसळल्यावर स्टुडिओचे तत्कालीन अध्यक्ष माइक ओ’ब्रायन यांनी पुढची रूपे सुटी किंवा संचात विकण्यावर भर देण्याचे जाहीर केले, पण ते लायसन्स काही मागे घेतले नाही. चावीने उघडायच्या ब्लॅक लायन पेट्या तर अजूनही आहेत, आणि त्या जुगारच आहेत.

दुकानाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे : खेळात कमावलेले सोने बदलून जेम घेता येतात आणि त्याचा भाव मागणी-पुरवठ्यानुसार हलतो. पण पिशव्या सतत भरत राहाव्यात आणि जागा मात्र जेम देऊन वाढवावी लागावी, ही अडचण मुद्दाम पेरलेली दिसते. ‘लिव्हिंग वर्ल्ड’चे कथाभाग प्रसिद्ध झाले त्या काळात लॉग-इन करणाऱ्यांना फुकट मिळाले, उशिरा आलेल्यांना दुसऱ्या पर्वापासूनच्या भागांसाठी जेम मोजावे लागतात, आणि मधल्या कथेत खिंडार पडले की पुढच्या भागातली पात्रे कोण, हेच कळत नाही.

एनसीसॉफ्टचा इतिहास मात्र धीर देणारा नाही. तिच्या ऑनलाइन खेळांपैकी ‘ऑटो असॉल्ट’ २००७ मध्ये, ‘टॅब्युला रासा’ २००९ मध्ये आणि ‘वाइल्डस्टार’ २०१८ मध्ये बंद झाला. ‘सिटी ऑफ हीरोज’ला ३० नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे ‘गिल्ड वॉर्स २’ बाजारात आल्यावर जेमतेम तीन महिन्यांनी, टाळे लागले. त्याच्या चाहत्यांनी चालवलेल्या ‘होमकमिंग’ सर्व्हरला अधिकृत परवाना मिळायला २०२४ चा जानेवारी उजाडला. दुसरीकडे २००५ चा पहिला ‘गिल्ड वॉर्स’ आजही चालू आहे. त्यामुळे मी या कंपनीवर आंधळा विश्वास ठेवणार नाही आणि तिच्या दुकानात वर्षांची बचतही ओतणार नाही. मात्र एकदा पैसे देऊन घेतलेल्या भागाने मोबदला पुरेपूर दिला आहे.

सुरुवात फुकट अकाउंटवर करावी. मन रमले, तर ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’ आणि ‘पाथ ऑफ फायर’ हे जोडीने मिळणारे भाग सवलत लागल्यावर घ्यावेत. जेम घेतलेच, तर ते पेट्यांच्या चाव्यांवर न घालवता पिशवीची जागा आणि ‘कॉपर-फेड सॅल्व्हेज-ओ-मॅटिक’ हे नको असलेली सामग्री मोडून कच्चा माल काढणारे अवजार यांवर खर्च करावेत. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात हा खेळ २०२२ पासून मिळतो. पण तिथले अकाउंट आणि अरीनानेटकडे थेट उघडलेले अकाउंट वेगवेगळी राहतात, म्हणून कुठून खेळायचे हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे.