क्रिओल सीझनिंगचा हिरवा डबा आणि दिवाळे गावची कोळंबी

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सहून येणाऱ्यांच्या बॅगेत टोनी शॅशरीज क्रिओल सीझनिंगचा, म्हणजे तिथल्या क्रिओल स्वयंपाकातल्या तयार मसाल्याचा, हिरवा डबा हमखास असतो. लुइझियानातल्या ओपलूसस गावचं हे उत्पादन १९७२ पासूनचं. नव्या मुंबईतल्या घरात मात्र तो दोनदा फ्रेंच फ्राइजवर भुरभुरला जातो आणि मग फ्रिजच्या दारात पडून राहतो. याचं कारण डब्यावरच छापलंय. घटकांची यादी मिठापासून सुरू होते. लाल तिखट, मिरी, लसूण पावडर त्यानंतर. पाव छोट्या चमच्यात (टीस्पून) साधारण ३५० मिलीग्रॅम सोडियम आहे. मालवणी किंवा आगरी मसाल्यासारखा दोन मोठे चमचे घातला, की पदार्थ खारट होऊन टाकावा लागतो.

म्हणून हा डबा उघडला की मिठाचा डबा बंद ठेवायचा. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला सपाट एक छोटा चमचा पुरतो. तिखटपणा आपल्या जिभेला बेताचाच लागेल. तो वाढवायचा तर वेगळी मिरपूड किंवा लाल तिखट घाला, डब्यातलं नको.

दुसरी अपेक्षाही सोडून द्यावी. तिकडे खाल्लेल्या गम्बोची, म्हणजे भातासोबतच्या दाट रश्श्याची, चव या डब्यात नाही. ती आहे रू मध्ये, म्हणजे तेलात भाजलेल्या मैद्यात. चौघांसाठी अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी मैदा, जाड बुडाचं पातेलं आणि मंद आच. बेसनाचे लाडू करणाऱ्या हाताला हे काम नवीन नाही, फक्त थांबायची जागा वेगळी. खमंग वास सुटला, रंग बदामी झाला की बेसन आपण उतरवतो. इथे तिथून पुढे अजून वीसेक मिनिटं ढवळायचं. रंग शेंगदाण्याच्या कुटासारखा, मग तांब्यासारखा, मग चॉकलेटसारखा होतो. सगळे मिळून ३० ते ४० मिनिटं. फोन वाजला तरी उलथनं सोडू नका. काळे ठिपके दिसले तर रू करपला. तो कशानेही सुधारत नाही, फेकून परत सुरू करा. आणि जितका गडद रू, तितका त्याचा दाटपणा कमी, हेही लक्षात असू द्या. रस्सा पातळ राहिला म्हणून वरून मैदा लावला तर कच्चट लागतो.

रंग जमला की लगेच दोन कांदे, एक ढोबळी मिरची आणि सेलरीच्या दोन दांड्या बारीक चिरून आत टाका. भाजीतल्या पाण्याने रू तिथेच थांबतो. लसूण त्यानंतर, नाहीतर जळतो. सेलरीऐवजी कोथिंबिरीच्या दांड्या घातल्या तर चव थेट आपल्या रश्श्याकडे वळते, सेलरी मिळवाच.

पाणी साधं नको. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या बाजारातून कोळंबी घेताना डोकी आणि सालं टाकू देऊ नका. ती थोड्या तेलात गुलाबी होईपर्यंत परतून दीड लिटर पाण्यात २५ मिनिटं उकळा आणि गाळा. क्रिओल गम्बोचा जीव या पाण्यात आहे, आणि इतकी ताजी कोळंबी हाताशी असणं ही नवी मुंबईकरांची खरी चैन.

पाव किलो भेंडी पुसून, चिरून आधी वेगळी परता. तार जाईपर्यंत परतली की रस्सा दाट होतो पण बुळबुळीत होत नाही. गम्बो हा शब्दच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आला असं मानतात, त्यामुळे ही भेंडी उपरी नाही. एक टोमॅटो घातला तर क्रिओल वळण. लुइझियानातल्याच केजन, म्हणजे फ्रेंच वंशाच्या गावाकडच्या लोकांच्या घरांत गम्बोत टोमॅटो सहसा घालत नाहीत. भेंडी आणि गाळलेलं पाणी रूच्या पातेल्यात घालून सगळं पाऊण तास मंद उकळू द्या. डब्यातला एक छोटा चमचा मध्यावर, आणखी लागलाच तर चवीनुसार शेवटी. कोळंबी अगदी शेवटची तीन-चार मिनिटं. जास्त शिजली की रबर. सोबत कोलम तांदळाचा मोकळा भात. बासमतीचा वास रूवर कुरघोडी करतो.

तव्यावरच्या माशाला मात्र हा डबा नको. काळपट भाजलेल्या माशाला मसाल्याचा जाड थर लागतो, आणि इथे थर म्हणजे मिठाचा थर. रावसाच्या तुकड्यांना पॅप्रिका, मिरपूड, लसूण पावडर, थाइम आणि बेताचं मीठ असं घरचं मिश्रण लावा. बिडाचा तवा धुरावेपर्यंत तापवा, खिडक्या उघड्या ठेवा.

उकडलेलं अंडं, मक्याचं कणीस, ताकाचा मठ्ठा यांवर चिमूटभर डबा उत्तम लागतो. रक्तदाब असलेल्या घरात मिठाविना निघणारा प्रकार मागवलेला बरा. एरवी एकच डबा आणायला सांगा, दोन नकोत. चार माणसांच्या घरात एक वर्षभर जातो.

पावसाळ्यात मात्र त्याचा दगड होतो. पातेल्यावर उपडा धरून भुरभुरला की वाफ झाकणाच्या भोकांत शिरते, मीठ ओलावतं आणि लसूण पावडर गोळा धरते. आणल्या दिवशीच काचेच्या बरणीत काढा, तळाशी भाजलेल्या तांदळाची छोटी पुरचुंडी ठेवा आणि कोरड्या चमच्यानेच घ्या.