कारखाना मोडकळीला आलाय: आधी निघावं की टाळं लागेपर्यंत थांबावं?

थांबणाऱ्याच्या पारड्यात सेवाज्येष्ठता असते आणि बंद पडताना मिळणारी भरपाईही. पण मालकाची तिजोरीच रिकामी असेल, तर ही भरपाई कागदावरच राहू शकते. शिवाय सगळे एकाच दिवशी बाहेर पडतात, एकच कसब घेऊन, त्याच मोजक्या दारांवर.

आधी निघणारा भरपाई सोडतो, पण रांगेत पुढे असतो. ‘सध्या नोकरीत आहे’ हे सांगता येणं मुलाखतीत बरंच काम करतं.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९८०च्या दशकात नोकरी गेलेल्या जुन्या कामगारांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच-सहा वर्षांनंतरही त्यांची कमाई, नोकरी टिकली असती तर जेवढी असती त्यापेक्षा सुमारे २५ टक्के कमी होती. आणि घसरण नोकरी जाण्याच्या ३ वर्षं आधीच सुरू झाली होती! म्हणजे थांबणंही फुकट नसतंच. वीस वर्षं एकाच यंत्रावर बसलेला हात बाहेर नवशिक्याच्या भावात जातो.

वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांनी लवकर निघावं. त्यांचं काम कुठेही चालतं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्याने मात्र थांबावं, फक्त थकबाकीचा हिशेब दर महिन्याला लेखी मागत राहावा.