अ‍ॅक्वेरियम प्लांट कॉम्बो: पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

नेरुळच्या घरातल्या दोन फुटी टँकसाठी जूनमध्ये हा 'लो लाइट', म्हणजे कमी उजेडात वाढणाऱ्या प्लांटचा, कॉम्बो ऑनलाइन मागवला. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण असलीच चुकीच्या नावांची लेबलं लावलेल्या जुड्या बाजारात इतरत्रही दिसतात. टँक साधा आहे: एलईडी लाइट, सीओटू (प्लांटसाठी पाण्यात सोडतात तो कार्बन डायऑक्साइड) नाही, पाणी नळाचंच, क्लोरीन काढलेलं.

रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितेय. त्याच लिस्टिंगखाली आठवडाभरात लिहिलेले रिव्ह्यू वाचले, तर ज्या प्लांटची लोकांनी तारीफ केली होती तेच पुढे कुजले आणि ज्याला शिव्या घातल्या तो आज टँकमधला सगळ्यात देखणा प्लांट आहे. त्यामागे साधं कारण आहे. नर्सरीत यातले बरेच प्लांट पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्यात गेल्यावर ती जुनी पानं जातात आणि पाण्यातली नवी पानं येतात. जमिनीवरचं झाड मात्र पाण्यात बुडवलं तरी काही आठवडे जसंच्या तसं हिरवं राहतं, वाढत तेवढं नाही.

क्रिप्टोकोरिन वेंड्टीचं असंच झालं. पहिल्या पंधरवड्यात पानं पारदर्शक होऊन विरघळली. पण बुडाशी गड्डा घट्ट होता, मुळं पांढरी होती, म्हणून तो हलवला नाही. गणपतीच्या सुमारास लहरी काठांची तपकिरी पानं आली. लेबल शंभर टक्के खरं.

'पर्पल अ‍ॅक्वा' म्हणून आलेला प्लांट निघाला हेमिग्राफिस, म्हणजे जमिनीवरचं शोभेचं झाड. वरून करडी-जांभळी चकाकी, पान उलटवलं की गडद वाइन कलर. आमच्या सोसायटीच्या गेटजवळच्या वाफ्यात हीच झाडं लावलेली आहेत. 'क्योटो ग्रास' म्हणजे ऑफिओपोगॉन, बागेतलं मोंडो ग्रास. हे फारच फसवं, कारण ते कित्येक महिने तग धरतं. ऑगस्टमध्ये बाहेरची पाती बुडाकडून पिवळी पडायला लागली, एक ओढली तर मऊ होऊन हातात आली आणि वास मारत होती. दोन्ही काढून कुंडीत लावले, तिथे मजेत आहेत. टँकमध्ये कुजणारं पान अमोनिया वाढवतं आणि त्याचा त्रास माशांना होतो, म्हणून या दोन लेबलांचा मला खरंच राग आहे.

बाकी चुका माफ करण्यासारख्या. 'कॅबोम्बा' म्हणून आलेली जुडी लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा आहे, म्हणजे अ‍ॅम्बुलिया. कॅबोम्बाची पानं बहुधा समोरासमोर जोडीने येतात आणि पंख्यासारख्या प्रत्येक पानाला स्वतःचा देठ असतो. इथे देठच नाही, पानं खोडाभोवती गोल कडं करून बसलीत. कॅबोम्बाला उजेड जास्त लागतो, त्यामुळे माझ्या लाइटखाली ही चूक पथ्यावरच पडली.

'सॅजिटेरिया'ची पात बोटांच्या चिमटीत धरून टोकाकडून खाली ओढली तर टोकाजवळ किंचित खरखर लागते. भिंगातून बघितलं तर काठावर बारीक दाते, एकामागे एक. सॅजिटेरियाचा काठ गुळगुळीत असतो. म्हणजे हे व्हॅलिसनेरिया. चालेल, फक्त पाती लांब होतात, त्यामुळे पुढे लावली होती ती मागे नेली.

'रोटाला इंडिका' या नावाने बाजारात जे मिळतं ते बहुतेक रोटाला रोटुंडिफोलिया असतं, हा घोळ जगभर जुना आहे. खात्री करायची म्हणून दोन शेंडे बाल्कनीत ओल्या मातीत, झाकण लावलेल्या दह्याच्या डब्यात ठेवले. पावसाळी हवा त्यांना मानवली. पाण्यातली अरुंद पानं जाऊन गोल पानं आली आणि नंतर शेंड्यावर गुलाबी तुरा. इंडिकाची फुलं पानांच्या बेचक्यात लागतात. शंका मिटली.

फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपवर मात्र विसंबू नका. एकाच रोटालाच्या पाण्यातल्या आणि पाण्याबाहेरच्या फोटोंना त्याने वेगवेगळी नावं दिली. पानं खोडावर कशी बसलीत, देठ आहे का, काठ कसा आहे, एवढं स्वतः बघितलं तर जास्त कळतं, आणि तेही पाण्यात फुटलेल्या नव्या पानावर.

पॅकिंग उत्तम, ओला कागद आणि पिशवी, पावसात येऊनही काही चेंगरलं नव्हतं. बारीक गोगलगायी मात्र सोबत आल्या. पाचपैकी अडीच स्टार. पुन्हा घेणार नाही. क्रिप्टो आणि व्हॅलिसनेरिया सुटे मिळतात, हार्बर लोकलने कुर्ल्याला जाऊन हातात धरून, बघून घेता येतात. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर विक्रेत्याकडे त्याच प्लांटचा पाण्याखाली वाढलेला फोटो मागा, आणि 'क्योटो ग्रास' यादीत असेल तर तो कॉम्बो सोडून द्या. अ‍ॅम्बुलियाचे छाटलेले शेंडे माझ्याकडे बरेच आहेत. नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला कुणाला हवे असतील तर फुकट घेऊन जा, लेबल मी बरोबर लावून देईन.