चिकाचे हात आणि स्मार्ट चष्मा: हापूसच्या एका सीझनचा अनुभव

आंब्याच्या सीझनमध्ये आमच्या घरात कोणाचेच हात कोरडे नसतात. घाम, देठाचा चीक, पेंढ्याची धूळ, आईचे हात तर फणसाच्या चिकाने नाहीतर माशांच्या पाण्याने भरलेले, आणि फोन नेमका तेव्हाच वाजतो. फिंगरप्रिंट लागत नाही, स्क्रीनवर बोट एकीकडे ठेवा तर उघडतं भलतंच, कारण टचस्क्रीनला बोटाचा दाब कळत नाही, बोटामुळे तिथल्या विद्युत क्षेत्रात होणारा बदल कळतो, आणि काचेवर घामाचं खारं पाणी असलं की तिला बोट कुठलं आणि थेंब कुठला ते उमगत नाही. म्हणून हात न लावता चालणारं काहीही नवीन आलं की मला ते वापरून बघायचंच असतं. देवगड तालुक्यात आमची बाग आहे, यंदा मार्चअखेरपासून मे संपेपर्यंत मी कॅमेरा, माईक आणि स्पीकर असलेला स्मार्ट चष्मा रोज घातला. कंपनीचं नाव लिहीत नाही, एकाच पीसवरून कोणाला वाईट ठरवणं बरोबर नाही, पण किंमत सांगतो, एकोणीस हजार.

आधी चांगलं. कॉल, आणि कॉलच! मी शिडीवर, हातात आंबे उतरवायची जाळीची काठी म्हणजे झेला, खालून काका क्रेट देतायत, आणि वाशीच्या दलालाचा फोन आला की कानाजवळच्या दांडीला मनगटाने हलकं टेकवायचं, बोलणं सुरू. बोट लागत नाही, मनगट चालतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, सापडलं ते असंच. आवाज कानात बोळा न घालता ऐकू येतो त्यामुळे खालून कोणी "सांभाळ रे" म्हणालं तर तेही ऐकू येतं, शिडीवर असताना ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. आईला एकदा फणस कापताना घालायला दिला, हाताला खोबरेल लावलेलं, विळीवर बसलेली, मुंबईहून ताईचा फोन आला आणि ती गरे काढता काढता वीस मिनिटं बोलली. एरवी ती कोपराने स्पीकर लावायला बघते आणि फोन कट होतो.

आता आवाजाने हुकूम देण्याबद्दल, इथे मला खूप लिहायचंय. गूगल असिस्टंटमध्ये मराठी 2018 ला आली, गूगल ट्रान्सलेटमध्ये 2022 ला कोकणीसुद्धा आली, म्हणजे आपली भाषा मशीनला जमत नाही असं कोणी म्हणू नये. पण या चष्म्याच्या असिस्टंटला फक्त इंग्लिश आणि हिंदी. मालवणीतलं "आयेक फोन लाव" सोडाच, "आईला फोन लाव" पण नाही. मग मी चष्म्याच्या माईकवरून फोनमधल्या मराठी टायपिंगला आवाजाने रेट लिहायला सांगायला लागलो, ते जमलं, पहिला आठवडा मस्त गेला. आठव्या की नवव्या दिवशी बाबांनी फोनवर रेट ऐकला आणि मोठ्याने म्हणाले, "पाच डझनी, पावणेतीन हजार". मी तसंच बोललो. नोटमध्ये आलं 3000. चाळीस पेट्या होत्या, पेटीमागे अडीचशे म्हणजे सरळ दहा हजारांचा फरक, दलालाने नंतर व्हॉट्सॲपवर रेट टाकला म्हणून कळलं. मग रात्री पडवीत बसून मी एकेक आकडा बोलून बघितला. दीड बरोबर, अडीच बरोबर, साडेतीन बहुतेक वेळा बरोबर, सव्वा कधी बरोबर कधी नाही, आणि पावणे जवळजवळ प्रत्येक वेळी चुकतं, पुढचा पूर्ण आकडा तेवढा उचलतं. "दोन हजार सातशे पन्नास" म्हटलं की अचूक. पण बाबा पासष्ट वर्षांचे आहेत, त्यांनी जन्मात कधी दोन हजार सातशे पन्नास म्हटलेलं नाही, आणि त्यांनी का बदलावं? आपल्याकडे बाजार सव्वा-पावण्यातच बोलतो. यंत्राने शिकायला हवं. मी कंपनीला सगळ्या आकड्यांची रेकॉर्डिंग जोडून मेल केलाय.

बंदरावर एकदाच घालून गेलो. वाऱ्याने समोरच्याला माझा आवाज फाटका ऐकू जात होता, आणि मासे घेताना एक मावशी थांबल्या, म्हणाल्या, "ह्या काय घातलंस डोळ्यार? फोटो काढतंस काय?" मी दाखवलं की रेकॉर्डिंग चालू असलं की हा पांढरा दिवा लागतो. त्या म्हणाल्या, उन्हात दिवो दिसता खय. खरं होतं, दुपारच्या उन्हात तो दिवा मलाच दिसेना. चष्मा काढून खिशात ठेवला, तेव्हापासून बागेबाहेर आणि दुसऱ्याच्या अंगणात घालत नाही. 2013 साली गूगल ग्लास हा कॅमेऱ्याचा चष्मा आला तेव्हा परदेशातही लोकांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि इतक्या वर्षांनी उत्तर म्हणून एक बारका दिवा, हे मला अजिबात पटत नाही.

खाऱ्या हवेचं पण लिहितो कारण हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडत नाही. तिसऱ्या आठवड्यात चार्जिंगचे दोन पितळी ठिपके हिरवट पडले आणि चार्ज व्हायचं बंद. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले ओलाव्याने झालंय, वॉरंटीत बसत नाही. बॉक्सवर आयपीएक्स 4, म्हणजे पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलंय, पण ती टेस्ट गोड्या पाण्याच्या शिंतोड्यांची असते, समुद्राच्या आणि घामाच्या मिठाची नाही. मी स्पिरिटच्या बोळ्याने घासून पूर्ववत केलं, आता रोज रात्री आधी ओल्या मग सुक्या फडक्याने पुसतो, पुन्हा त्रास नाही. बॅटरी कॉलवर साधारण साडेतीन तास, पण चष्मा त्याच्या चार्जिंगच्या डबीत ठेवला की पुन्हा भरते, लाईट गेली तरी दिवस निघतो.

याच सीझनमध्ये मावसभाऊ आला होता, त्याच्या ॲपल वॉचवर 2023 पासून आलेली ती अंगठा-तर्जनी दोनदा टेकवायची खूण मी चिकाच्या हातांनी करून बघितली, आणि खरं सांगतो, हेच आपल्या कामाचं. घड्याळ मनगटाची हालचाल आणि रक्तप्रवाहातला बदल वाचतं, बोटं कितीही घाण असोत. सप्टेंबर 2025 मध्ये मेटाने तर स्नायूंचे विद्युत संकेत वाचणारा पट्टा चष्म्यासोबत आणला, अमेरिकेत 799 डॉलरला. तो इकडे विकत मिळाला की पहिल्यांदा आंब्याच्या पेटीवर बसून वापरून बघणार. फक्त 2019 चा गूगलचा पिक्सेल 4 फोन आठवतो, हवेत हात हलवून चालणारं रडार होतं त्यात, पण त्याच्या 60 गिगाहर्ट्झ लहरींना आपल्याकडे परवानगी नव्हती आणि तो फोन भारतात आलाच नाही.

हा चष्मा घ्यावा का? ज्यांचे हात दिवसभर कामात अडकलेले असतात, बाग, मासळी, खानावळ, त्यांनी फक्त कॉलसाठी घ्यायला हरकत नाही, दहा-बारा हजारांना मिळाला तर नक्की. हिशेब मात्र वहीतच. माझा आता आईकडे असतो, पावसात कुळथाची पिठी ढवळताना ती तो घालून ताईशी बोलते.