टीएमएचा सिलिकॉन साचा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीनंतर लातूरच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टिश्यू मायक्रोअ‍ॅरेचा हाताने वापरायचा संच आला. टिश्यू मायक्रोअ‍ॅरे (टीएमए) म्हणजे अनेक पेशंटच्या ऊतींचे बारीक तुकडे मेणाच्या एकाच ब्लॉकमध्ये ओळीनं बसवायची पद्धत. 24 छिद्रांचा मेणाचा ब्लॉक पाडणारा सिलिकॉनचा साचा आणि पेशंटच्या ब्लॉकमधून गोल तुकडा (कोअर) काढणारा 2 मिलिमीटरचा पंच, एवढंच. आमच्या भागात तंबाखू-गुटख्यापायी तोंडाच्या कर्करोगाचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ऊतींचे नमुने, भरपूर. प्रत्येकाची वेगळी स्लाईड करून आयएचसी (अँटिबॉडी वापरून पेशींतलं ठरावीक प्रथिन रंगवायची तपासणी) लावायची म्हटलं, की महागडी अँटिबॉडी बघता बघता संपायची. आता 24 कोअर एका स्लाईडवर बसतात आणि सगळ्यांना एकाच वेळी, एकसारखा रंग चढतो. नवी अँटिबॉडी तपासून घ्यायला तर याच्याइतकी सोय मी दुसरी पाहिली नाही.

साचा अजून नव्यासारखा आहे. पंचाची धार मात्र तीन महिन्यांतच गेली. कोअर तुटायला लागले, दुसरा घ्यावा लागला.

पहिला ब्लॉक पूर्ण वाया गेला. कोपऱ्यात खूण ठेवली नव्हती. स्लाईड फिरली आणि पहिली ओळ कुठली तेच कळेना. 1986 मध्ये बॅटिफोरा यांनी बरेच नमुने आतड्यात गुंडाळून एक ब्लॉक केला होता, त्यातही कुठला तुकडा कोणाचा हे ओळखणं हीच अडचण होती. आता आम्ही एका कोपऱ्यात यकृताचा कोअर ठेवतो आणि नकाशा आधी रजिस्टरमध्ये काढतो, पंच नंतर हातात घेतो.

ब्लॉकचे पातळ काप (सेक्शन) पाण्यावर तरंगवताना कोअर सुटायचे. ब्लॉक रात्रभर 37 अंशांवर ठेवून सकाळी काचेच्या स्लाईडनं हलकेच दाबला, की ते बऱ्यापैकी धरतात. मे महिन्यात लाईट गेली की वॅक्स मऊ पडायचं, कापांची रिबन चुरगळायची. मग सकाळी सहाला येऊन, ब्लॉक बर्फावर ठेवून कापायचो.

निदानासाठी हा संच नाही, हे नव्यानं घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. दोन मिलिमीटरच्या तुकड्यात अख्खा ट्यूमर दिसत नाही, म्हणून एका केसचे किमान दोन कोअर घ्या. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाईडवर ट्यूमरच्या जागी खूण करतात, तेवढ्याच जागेवर आम्ही पंच मारतो. बारीक बायोप्सीच्या ब्लॉकला हात लावत नाही. ब्लॉक पेशंटचा आहे, आपण फक्त सांभाळतो. गेल्या महिन्यात उपचारासाठी बार्शीला गेलेल्या एका मावशींचा मुलगा ब्लॉक न्यायला आला. आम्ही त्यातून दोनच कोअर काढले होते. पुढच्या तपासणीला पुरेल एवढा ट्यूमर त्यात शिल्लक होता.