एए मीटिंग, सांगली : फी नाही, सल्ला नाही, चहा आहे

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. संध्याकाळी हिशेब मिटला की आमच्यातले बरेच जण गुत्त्याकडे वळतात, मी आता अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगला जातो. पैसे? शेवटी एक पिशवी फिरते, जमेल ते टाका, कुणी बघत नाही. बाहेरच्याची देणगी मात्र घेत नाहीत, शेठजींनी देऊ केली तरी नाही. हे लई आवडलं.

एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही. सांगलीत हे जमवणं म्हणजे चेष्टा नव्हे! आडनावही विचारत नाहीत. परवा कप विसळायला एक बँकेतले साहेब होते आणि हमाली करणारा गडी त्यांना सांगत होता, "तळाला साखर राहिली, परत घासा." साहेबांनी घासला.

1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअरवाला आणि एक डॉक्टर, दोघेही अट्टल पिणारे, भेटले आणि हे सुरू झालं. दारू सोडायच्या एएच्या बारा पायऱ्या आहेत, त्यांत देव येतो, पण ज्याच्या त्याच्या समजुतीतला. मला फार पटत नाही, तरी कुणी अडवलं नाही.

हा दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून आधी डॉक्टर गाठा. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं.

पंखा फार खडखडतो. मागं बसू नका, ऐकू येत नाही.